अळीचा वाटा

ज्या वर्षी आमच्या कपाशीला गुलाबी अळी लागली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बाबांना गेम लागला. अळीसाठी निदान कृषी केंद्रात औषध तरी मिळायचं, लागू पडो न पडो. गेमसाठी तेही नव्हतं.

आमचं गाव मोताळा तालुक्यात, धामणगाव बढेच्या अलीकडे. घरात आम्ही तिघं, आई, बाबा आणि मी. मी डी.एड. करून शिक्षक भरतीची वाट पाहत होते आणि ती येईपर्यंत ओसरीवर गावातल्या पोरांच्या शिकवण्या घेत होते. बाबांचा जुना बटणांचा फोन बैलांच्या हौदात पडून वारला, म्हणून मोताळ्याच्या बाजारातून मोठ्या काचेचा फोन आणला. त्यावर पावसाचा अंदाज दिसतो, असं दुकानदारानं सांगितलं होतं. अंदाज दिसायचा खरा, पण अंदाजाच्या खाली एक चित्रही दिसायचं. हिरवंगार शेत, टोपीवाला शेतकरी आणि त्याच्या शेजारी दात काढून हसणारी गाय.

बाबांना वाटलं सरकारी योजना आहे. एवढे हसणारे शेतकरी आणि एवढी हसणारी जनावरं त्यांनी आजवर सरकारी जाहिरातींतच पाहिली होती. त्यांनी चित्रावर बोट ठेवलं. शेताचं नाव विचारलं, तर इमानदारीनं आमच्या शेताचा गट नंबर टाकला. मग मला हाक मारली.

"पाह्य वं, आधार नाई मांगतलं, सातबारा नाई मांगतला, न् जमीन देऊन राह्यले! योजना चांगली दिसते."

मी फोन हातात घेऊन पाहिला. "बाबा, हा गेम हाये. खोटं वावर हाये हे."

"असू दे," बाबा म्हणाले. "खऱ्यात काय पिकून राह्यलं?"

त्या खोट्या वावरात कपाशी लावली की चहाला उकळी यायच्या आत बोंडं फुटायची. वेचायला बाया नकोत, फवारा नको, निंदण नको. रानडुकरं तर त्या देशात जन्मालाच आलेली नव्हती. बाबा सुरुवातीला संशयानंच खेळत होते. एवढ्या कपाशीत एक अळी नाही, हे त्यांच्या बुद्धीला पटत नव्हतं. "पुढं निंघन," असं म्हणत ते वाट पाहायचे. ती काही निघाली नाही, आणि मग बाबा त्या वावराचे झाले ते झालेच.

खेळायचे मात्र अस्सल शेतकऱ्यासारखे. गेमनं दिलेल्या जमिनीला धुरा नव्हता, म्हणजे बांधच नव्हता, याचा त्यांना फार राग. उद्या शेजाऱ्यानं नांगर आत घातला तर दाखवायचं काय, म्हणून त्यांनी कडेनं वांगी लावून स्वतःचा धुरा आखून घेतला. तिथली गाय चारा दिला तरी हसते आणि नाही दिला तरी हसते, म्हणून ती त्यांना लबाड वाटायची. आणि अमावास्या. आमच्याकडं अमावास्येला औत धरत नाहीत. खऱ्या वावरात धरायचं नाही, तर खोट्यातही धरायचं नाही, असा बाबांचा नेम. त्या दिवशी फोन देव्हाऱ्याजवळ पालथा पडलेला असायचा आणि बाबा आमच्याशी बोलायचे. मी आणि आई महिनाभर अमावास्येकडं डोळे लावून बसू लागलो.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण गेमच्या आधी जे झालं होतं ते मी पाहिलं होतं.

आदल्या हंगामात आमची कपाशी दिसायला इतकी सुरेख होती की येणारे-जाणारे थांबून बघायचे. बोंडं टणक, भरलेली. बाबांनी एक बोंड फोडलं तर आत गुलाबी अळी. दुसरं फोडलं, तिथंही. बाहेरून साधं भोकही दिसत नाही, ही त्या अळीची खोड. त्या दिवशी बाबा ओळीओळीनं बोंडं फोडत गेले आणि फोडलेली बोंडं आईच्या नजरेस पडू नयेत म्हणून खिशात कोंबत गेले. संध्याकाळी आईनं सदरा धुवायला घेतला, तर दोन्ही खिसे काळ्या पडलेल्या किडक्या कापसानं गच्च भरलेले. त्यानंतर बाबांनी बोंडाला हात लावला नाही. आधी बोंड फोडणं सुटलं, मग ओळीत शिरणं सुटलं. पुढं पुढं ते धुऱ्यापर्यंत जायचे, वावराकडं पाठ करून बसायचे आणि घरी यायचे. मागचा गहू-हरभरा आईनंच काढला.

शेजारच्या वावराचे मालक आमचं शेत मक्त्यानं, म्हणजे वर्षाची ठरावीक रक्कम देऊन कसायला, मागत होते. बाबा त्यांना म्हणाले होते, "हा हंगाम पाहू. नाई जमलं तं घेऊन टाका." मक्त्यानं दिलेलं शेत कागदावर आपलंच राहतं, हे मला कळत होतं. पण बाबा मग कुठले राहणार होते, ते कळत नव्हतं. मला त्यांचा राग यायचा. खरं सांगायचं तर राग थोडा होता आणि भीतीच जास्त होती. शेत गेलं तर हा माणूस त्या काचेत राहायला जाईल आणि जेवायलासुद्धा बाहेर येणार नाही, असं मला वाटायचं.

आईचा पहिला उपाय म्हणजे फोन लपवणं. तिनं तो ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खुपसला. गेममधलं पीक काढणीला आलं की फोनमधली गाय हंबरते, ही सोय तिला माहीत नव्हती. दुपारी आम्ही जेवायला बसलो आणि पिठाचा डबा हंबरला. गोठ्यातून आमच्या खऱ्या गाईनं त्याला ओ दिली. डबा पुन्हा हंबरला, गाय पुन्हा. बाबा शांतपणे उठले, कोपरापर्यंत हात पिठात घातला, फोन काढला, पीक काढलं आणि हात झटकून परत ताटावर बसले.

"जनावराले असं कोंडून ठेवू नाई," एवढंच म्हणाले.

दुसरा उपाय माझा. मी मास्तरीण होणार असल्याच्या रुबाबात त्यांना नियम घालून दिला. रोज अर्धा तास, त्याच्या वर नाही. बाबांनी लगेच मान डोलावली, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. अर्ध्या घंट्यात आलोच, असं सांगून सकाळी मोताळ्याला गेलेले बाबा दिवेलागणीला परत येतात, हे मी लहानपणापासून पाहत आले होते. त्यांचा अर्धा घंटा पावसासारखा, सुरू कधी झाला ते सांगता येतं, संपायचं त्याच्या मनावर. मी घड्याळ दाखवलं की ते म्हणायचे, "झालाच की, थोडासाच बाकी हाये." मी आवाज चढवला की म्हणायचे, "पोरांवर ओरडून ओरडून तुयी सवयच बिघडली."

शेवटी आईनं देऊळगाव राजाहून तिच्या धाकट्या भावाला, माझ्या मामाला बोलावलं. मामाचं तिथं कापडाचं दुकान. त्यानं कधीकाळी तंबाखू सोडली होती, आणि तेव्हापासून दुसऱ्याचं काहीतरी सोडवल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. बसमधून उतरला तोच घसा खाकरत. ओसरीवर बसून त्यानं बाबांसमोर चहाचा कप धरला.

"दाजी, वाईट काहीच नसतंय. प्रमाणात पाहिजे. चहात साखर घालतो का आपण? घालतो. मग साखरेत चहा घालतो का?"

"नाई," बाबा म्हणाले.

"तसंच हाय हे. खेळा की! नको कोण म्हणतंय? पण प्रमाणात."

बाबांनी फोन त्याच्यापुढं सरकवला. "प्रमाणात कसं खेळाचं, ते दाखवा तं खरं."

मामानं बाह्या सारल्या. "हे बघा. एक वाफा पेरला. झालं. ठेवला फोन." त्यानं फोन खरंच खाली ठेवला आणि आमच्याकडं विजयी मुद्रेनं पाहिलं. मग म्हणाला, "उगवलं का तेवढं बघू." उगवलं होतं. "आता उगवलंच हाय तर पाणी नको का द्यायला?" त्यानं पाणी दिलं. आईनं पोळ्या लाटल्या, भाजी फोडणीला टाकली, आणि देऊळगावची शेवटची गाडी निघून गेली तेव्हा मामा बाबांना विचारत होता, "दाजी, कोंबड्या कामून अंडी देत नाहीत हो?"

मामा मुक्कामी राहिला. सकाळी निघाला तेव्हा त्याच्याही फोनमध्ये एक वावर होतं. गेममध्ये तो बाबांचा शेजारी झाला होता, आणि एकमेकांच्या पिकाला पाणी द्यायचं असा त्यांचा करार ठरला होता. त्यानंतर ऐन जेवणाच्या वेळी मामाचे फोन यायला लागले. "दाजी, तुमच्याकडं दोन-चार खिळे असले तर पाठवा, माझं गोदाम अडलंय." पुढच्याच आठवड्यात मामीनं आईला फोन केला. गिऱ्हाइकाचं कापड अर्धं मोजून मामा गहू काढायला बसतो, गिऱ्हाईक कापडाचं एक टोक धरून उभं राहतं, असं तिचं म्हणणं होतं.

"तुमच्याकडं पाठवला तवा माणूस धड होता," मामी म्हणाली.

"आमच्याकडं आला तवाच धड नोता," आई म्हणाली आणि फोन ठेवून दिला. प्रमाण हा शब्द त्यानंतर आमच्या घरात कुणी काढला नाही.

मृग निघाला. बियाण्याची पाकिटं घरात आली. बीटी कपाशीच्या पाकिटासोबत तेव्हा एक लहानशी पुडी यायची. बीटी नसलेल्या, साध्या कपाशीच्या बियांची. ती वावराच्या चारी कडांनी लावायची, म्हणजे काही अळ्यांना साधं खाणं मिळतं आणि बीटीच्या झाडातलं विष पचवायची सवय सगळ्यांनाच लागत नाही, असा त्यामागचा हिशोब. आमच्या शिवारात ती पुडी कडेनं कुणीच लावत नसे. अळीसाठी मुद्दाम पान कोण वाढणार? कुणी ती फेकून द्यायचं, कुणी ते बी वावरात जिथं उगवण झाली नाही तिथं ठिगळासारखं लावायचं. आई एकदा बायकांच्या शेतीशाळेला गेली होती. त्या दिवशी चहा फार उशिरा आला, त्यामुळे तिला सगळं शेवटपर्यंत ऐकावं लागलं होतं.

ती पुडी हातात घेऊन आई ओसरीवर बसली होती. बाबा तिच्या शेजारी त्यांच्या दुसऱ्या वावरात होते.

"साऱ्या गावानं अळीले काईच ठेवलं नाई," आई म्हणाली. "सारंच आपलं म्हटलं. म्हून ते इतकी हट्टाले पेटली. यंदा चारी कडांनी हे लावाचं. अळीचा वाटा काढून द्याचा."

"लाव," बाबा मान वर न करता म्हणाले.

आईनं पुडीकडं पाहिलं, बाबांकडं पाहिलं आणि पुन्हा पुडीकडं पाहिलं. "न् तुमचाबी वाटा तिथंच," ती म्हणाली.

तिनं तिथल्या तिथं कायदा सांगितला. फोन आता घरात मिळणार नाही. तो शिदोरीच्या फडक्यात, भाकरी आणि ठेच्यासोबत बांधून तिच्या टोपलीतून वावरात जाईल. तिथं कडेच्या ओळींत, अळीच्या वाट्यात बसून हवा तितका वेळ खेळायचं. बीटीच्या ओळीत पाऊल पडलं की फोन परत फडक्यात.

मी मनात म्हटलं, अर्धा तास पाळला नाही तो माणूस हे काय पाळणार? पण आईला तिचा नवरा माझ्यापेक्षा जास्त माहीत होता. शेतकऱ्याला घड्याळ कळत नाही, हद्द कळते. वीतभर धुऱ्यासाठी आमच्याकडं सख्खे भाऊ तहसीलच्या पायऱ्या झिजवतात. माझ्या बाबांनी जन्मात कुणाच्या धुऱ्यावर नांगराचं टोक जाऊ दिलं नव्हतं. हद्द मोडणं त्यांच्या हातून होणारच नव्हतं, मग ती हद्द आईनं आखलेली का असेना.

झालंही तसंच. बाबा रोज वावरात जायला लागले. जायचे ते फक्त फोनसाठी, पण जायचे. कडेच्या ओळीत मांडी घालून बसायचे आणि खऱ्या कपाशीच्या शेजारी खोटी कपाशी वेचायचे. फोनला ठेचा लागलेला असायचा. तेच बोट डोळ्याला लागलं की डोळ्यांतून धारा. हे कुणीतरी रस्त्यावरून पाहिलं, आणि आमचे बाबा वावरात एकटेच बसून रडतात अशी बातमी गावभर झाली. दोन म्हातारे खास समजूत घालायला आले. त्यांनी बाबांच्या पाठीवरून हात फिरवला, देव सगळ्यांचं पाहतो असं सांगितलं, आणि जाताना ठेचा-भाकरी खाऊन स्वतःही डोळे पुसत गेले.

भादव्याचं ऊन तापलं तशी बाबांची कुरकुर सुरू झाली. कडेला सावली धरण्याइतकी झाडं वाढली नव्हती. सावली होती वावराच्या मधोमध, कडुनिंबाखाली, आणि मधोमध सगळं बीटी. दोन दिवस विचार करून बाबांनी वकिलासारखा मुद्दा काढला. लागवडीच्या वेळी बायांनी उरलेलं साधं बी निंबाच्या आसपास रिकाम्या जागी लावलं होतं.

"म्हंजे मधातबी अळीचा वाटा हायेच," बाबा म्हणाले. "कायद्यात बसते."

आई निंदत होती. तिनं विळा थांबवला नाही. "साधं झाड कोणतं न् बीटी कोणतं, दिसाले तं सारखंच. मले कसं कळन?"

"मंग आता?"

"हिरवी अळी दाखवा. हिरवी काई बीटी खात नाई. ज्या झाडावर हिरवी अळी, ते झाड साधं. तिथं बसा न् खेळा."

हिरवी अळी म्हणजे बीटीच्या आधीच्या काळातली शिवाराची मालकीण. बाबा तरुण होते तेव्हा तिच्यासाठी पाठीवर पंप घेऊन फिरून फिरून त्यांच्या खांद्याला घट्टे पडले होते. बीटी आलं आणि ती दिसेनाशी झाली. मी तर ती फक्त पुस्तकात पाहिली होती.

आईनं हे मुद्दाम सांगितलं की सहज, ते मला आजही माहीत नाही. पुढं मी विचारलं तर म्हणाली, "मले त्यायची कटकट नको होती, म्हून काईतरी सांगतलं." मला ते पटलेलं नाही.

बाबा तावातावानं आत शिरले. कितीतरी महिन्यांनी ते कपाशीच्या ओळीत शिरत होते, पण हे त्यांच्या ध्यानात आलेलं दिसलं नाही. त्यांचं सगळं लक्ष अळीवर. आधी नुसते डोळ्यांनी शोधत गेले. मग पानं उलटी करून पाहू लागले. मग फुलं. गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहिलेलं कपाशीचं फूल दिसलं की आत गुलाबी अळी असते, आमच्याकडं त्याला डोमकळी म्हणतात. तसं एक फूल दिसल्याबरोबर बाबांच्या हातानं ते खुडून चुरगाळलं. मग दुसरं. जन्मभराची सवय हातांना होती, बाबांना विचारायची त्यांना गरज पडली नाही.

मग ते एका झाडापाशी थांबले. खालच्या फांदीला बोंड होतं. ते त्यांनी तळहातावर घेतलं आणि नुसतेच उभे राहिले. मी उठायला लागले तशी आईनं माझा हात धरला.

"पाहू नको तिकडं," ती हळूच म्हणाली. "खाली पाह्य, निंद."

मी खाली मान घालून निंदू लागले. गवत दिसत नव्हतं, कारण डोळे भरून आले होते, आणि त्या दिवशी ठेचाही नव्हता. दोन कपाशीची रोपंच मी उपटून टाकली. मग बोंड फुटल्याचा बारीक आवाज आला. पाठोपाठ दुसरा. आई निंदत राहिली.

हिरवी अळी त्या दिवशी सापडली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. बाबा इरेला पेटले. सकाळी आईच्या आधी वावरात जाऊ लागले. डोमकळ्या खुडत, बोंडं फोडत, आईला शिव्या घालत एकेक ओळ संपवू लागले. गुलाबी अळी अधूनमधून निघायची. ती निघाली की बाबा तिला चिरडायचे आणि पुढचं बोंड फोडायचे. पुढचं बरेचदा स्वच्छ असायचं.

एका दुपारी वावराच्या मधून आरोळी आली. "घावली! घावली वं!"

आम्ही धावत गेलो. निंबाजवळच्या एका झाडावर, अर्ध्या कुरतडलेल्या बोंडात डोकं खुपसून एक लठ्ठ हिरवी अळी बसली होती. बाबा तिच्यासमोर उकिडवे बसले होते. इतक्या प्रेमानं ते कुणाकडं पाहताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"कुठी होती वं इतके वर्स?" बाबा अळीला म्हणाले.

आई माझ्या मागं उभी होती. "मले कदी असं इचारलं नाई," ती म्हणाली.

बाबांनी ते झाड जिंकलं होतं. निंबाची सावली आता कायदेशीर त्यांची होती. त्यांनी ऐटीत मांडी घातली, आईनं फडकं सोडून फोन दिला. दोन वाफे झाले असतील नसतील, तोच बाबांनी फोन गवतावर ठेवला आणि उठले. "ते पल्याडची ओळ राह्यली पाहाची," म्हणाले आणि गेले. फोन तिथंच हंबरत राहिला. शेवटी आईनं तो उचलून भाकरीच्या फडक्यात बांधला.

दसरा झाला, वेचणी जवळ आली. पहिल्या वेचणीच्या आधी आमच्याकडं सीतादही करतात. वावरात झाडांची पूजा करायची, दहीभात शिंपडायचा आणि कापूस दह्यासारखा पांढरा निघू दे म्हणायचं. वेचणाऱ्या बाया ओटी बांधून उभ्या होत्या. आईनं झाडांना हळदकुंकू लावलं, दहीभात शिंपडला. मग काय तिच्या मनात आलं कोण जाणे, दह्याचं एक बोट तिनं फोनलाही लावलं. "यायचंबी एक वावर हाये यात," ती बाबांकडं बोट करून म्हणाली. दही थोडं आत गेलं असावं. त्यानंतर ती गाय कायमची घोगरी झाली.

तेवढ्यात त्याच फोनवर मामाचा फोन आला. आईचे हात दह्याचे, म्हणून मी तो आवाज मोठा करून धरला. मामा हंबरडा फोडल्यासारखा ओरडला, "दाजी, घात झाला! तुमची सगळी कपाशी वाळली! एक झाड राहिलं नाही!"

वेचणाऱ्या बाया घाबरून चहूकडं पाहू लागल्या. एकीनं तर शेजारचं झाड हलवून पाहिलं.

"मी रोज पाणी देत होतो दाजी," मामा रडकुंडीला आला होता, "पण तुम्ही वेचलीच नाही. फिरकलात कामून नाही तिकडं?"

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "वाळली तं वाळू द्या," ते म्हणाले. "इकडं वेचाले आली."

आणि त्यांनी फोन ठेवला. आईनं पदरानं हात पुसले. ती पुसतच राहिली, पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी.

एका घरानं कडेनं साधं बी लावून अळी जात नसते, अख्ख्या शिवारानं लावायला हवं, असं पुढं कृषी सहायकांनी आम्हाला समजावलं. ते खरं असेल. त्या वर्षीही अळी होती, कापूस काही डोंगराएवढा झाला नाही. पण शेजारच्या मालकांनी मक्त्याचं विचारलं तेव्हा बाबा त्यांना म्हणाले, "कायचा मक्ता?" जणू ही गोष्ट त्यांनी आयुष्यात कधी ऐकलीच नव्हती. मामाचा गेम मामीनं एका संध्याकाळी स्वतःच्या बोटानं काढून टाकला. दुकानात बसणाऱ्या माणसाला धुरा कुठून आणणार, त्याला प्रमाणात खेळणं जमलंच नाही. बाबा अजून खेळतात. अमावास्या सोडून, वावरात, कडेला.

सीतादहीच्या त्या संध्याकाळी आईनं बाबांचा सदरा धुवायला घेतला. त्या वाईट वर्षापासून ती सदरा भिजवण्याआधी खिसे बाहेरूनच चाचपायची, हात आत घालत नसे. खिसा फुगलेला होता. या वेळी तिनं हात आत घातला. आत एक फुटलेलं बोंड होतं. चारी पाकळ्या भरलेल्या, पांढऱ्या, कुठंही डाग नाही.

तिनं त्यातला कापूस काढला, सरकी वेगळी केली आणि मांडीवर वात वळली. देवापुढं दिवा लावला. बाबा तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसले होते आणि कायदा मोडून, भर घरात, गेम खेळत होते. घोगरी गाय हंबरली. आईनं दिव्याची वात जराशी पुढं सारली.